कान पाहणे

विहीणबाईंची वही आमच्या हाती आली तेव्हा आम्हां उभयतांना कोरियन भाषेतले जेमतेम तीस-चाळीस शब्द येत होते, आणि त्यांतलेही निम्मे नमस्कार-चमत्काराचे. हाती आली असे म्हणतो खरे, पण प्रत्यक्ष वही सुनेकडेच होती. तिने पानांची एकेक करून छायाचित्रे काढली आणि ती पुण्याला धाडली. एकंदर एकसष्ट पाने. निळ्या शाईतले ठाशीव अक्षर, मधूनच तेलाचे डाग, एका पानाच्या कोपऱ्यात तिखटाचे बोट उमटलेले. खाली सुनेची इंग्रजीत एकच ओळ होती : आईचे मियॉक्कुक बावीस आणि तेवीस पानांवर आहे.

हे थोडे मागून सांगायला हवे. आमचा मुलगा देजॉन शहरात संशोधनाच्या नोकरीत आहे. २०१९ साली त्याने तिथल्याच एका मुलीशी लग्न केले. तिचे माहेर आन्दोंगचे, म्हणजे उत्तर ग्यॉंगसांग प्रांतातले. त्या लग्नाला आम्ही गेलो होतो, आणि विहीणबाईंची व आमची तेवढीच काय ती भेट. इंग्रजीत ज्या नात्याला धड शब्द नाही त्याला कोरियनमध्ये आपल्या 'व्याही'सारखा नेमका शब्द आहे, 'सादोन'. विहिणीला आदराने हाक मारायची तर 'साबुइन'. नात्याचे शब्द असे दोन्हीकडे तयार होते, बोलायला भाषा तेवढी नव्हती. मग विहीणबाईंनी वाढायला सुरुवात केली. प्रत्येक वाटी आमच्यापुढे सरकवताना त्या 'तुशॉ बोसेयो' असे काहीसे म्हणत. आमचा समज झाला की त्या पदार्थाचे नाव सांगताहेत. तिसऱ्या वाटीलाही तेच नाव निघाले तेव्हा आम्ही कोड्यात पडलो, आणि मान डोलावून खात राहिलो.

२०२२च्या हिवाळ्यात त्या गेल्या. पुढच्या वर्षी सुनेला दिवस गेल्याचे कळले. पहिले बाळंतपण माहेरी हा आपल्याकडचा रिवाज, आणि माहेर म्हणजे शेवटी आई. तेव्हा आम्ही येतो, असे आम्ही कळवून टाकले. डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, बाळंतशेपा असे सारे सामान आम्ही मनातल्या मनात बांधूनही ठेवले होते. सून फोनवर क्षणभर गप्प राहिली आणि मग तिने विचारले, मियॉक्कुक कराल का?

मियॉक ही समुद्रातली पालेदार, काळपट हिरवी वनस्पती. ती वाळवून ठेवतात. कुक म्हणजे पातळ रस्सा. बाळंतिणीने पहिले तीन आठवडे तो खायचा आणि पुढे जन्मभर प्रत्येक वाढदिवसाला तोच खायचा. आपण जन्मलो तेव्हा आईने जे खाल्ले ते. बाळंतिणीसाठी मियॉक विकत घेताना भाव करायचा नाही, घरी नेताना ते दुमडायचे-मोडायचे नाही, असा जुना संकेत. परीक्षेच्या दिवशी मात्र हाच रस्सा वर्ज्य, कारण मियॉक बुळबुळीत असते आणि त्यावरून विद्यार्थी घसरतो! 'त्याने मियॉक्कुक खाल्ले' म्हणजे तो नापास झाला. तीस-तीस वर्षे उत्तरपत्रिका तपासलेल्या आम्हां दोघांना हा वाक्प्रचार पहिल्या आठवड्यातच पाठ झाला.

लिपीने फारसे छळले नाही. राजा सेजोंगच्या काळात १४४३ साली ती सिद्ध झाली आणि १४४६ साली जाहीर झाली. देवनागरीच्या शिक्षकाला तिचा बांधा पाहून परकेपणा वाटत नाही. 'क'चे चिन्ह म्हणजे घसा अडवणाऱ्या जिभेची आकृती, आणि त्यात एक रेघ वाढवली की 'ख'. उच्चारस्थानांप्रमाणे वर्ग पाडलेले. हे शहाणपण चिनी वर्णविचारातून आलेले, आणि त्या वर्णविचारावर बौद्ध ग्रंथांबरोबर गेलेल्या संस्कृत ध्वनिशास्त्राची छाया पडलेली. म्हणजे आपल्या घरचेच काही लांबच्या वाटेने जाऊन पोचले होते असे म्हणायला हरकत नाही. घोळ उच्चारात झाला. आपण 'क' आणि 'ग' यांत जन्मजात फरक करतो; कोरियन कान तो करत नाही. शब्दारंभी असेल तर 'क', दोन स्वरांमध्ये सापडला की तोच 'ग'. मांसाला म्हणतात 'कोगी', आणि त्यातली दोन्ही अक्षरे लिहिताना एकच. उलट त्यांच्याकडे 'क', 'ख' आणि घसा आवळून काढलेला 'क्क' असे तीन वेगळे वर्ण आहेत, आणि हा तिसरा आम्हांला अजून धड साधलेला नाही. 'ओ' आणि 'ऑ' हेही असेच. 'चॉरिदा' म्हणजे मीठ लावून ठेवणे, 'चोरिदा' म्हणजे रस आटवत शिजवणे. आम्ही बरेच दिवस कोबीही चोरत होतो.

मराठी-कोरियन कोश काही आमच्या हाताशी नव्हता. वही उलगडायची ती इंग्रजीच्या मध्यस्थीने, आणि स्वयंपाकघरात इंग्रजीसारखा आळशी मध्यस्थ दुसरा नसेल. विहीणबाईंनी एका पानावर चार वेगवेगळी क्रियापदे वापरलेली असत आणि कोश चारींपुढे 'मिक्स' हा एकच शब्द ठेवून मोकळा होई. शेवटी आम्ही रेघा मारलेल्या कागदावर तिसरा रकाना पाडला, मराठीचा, आणि काय आश्चर्य, गाडी चालू लागली. 'चॉत्ता' म्हणजे ढवळणे. 'सॉक्ता' म्हणजे नुसते मिसळणे. 'पिबिदा' म्हणजे भात-भाजी ताटात एकजीव करणे, अर्थात कालवणे. ज्याला सारे जग पिबिम्बाप म्हणून ओळखते तो त्यांचा कालवलेला भात. 'मुचिदा' म्हणजे उकडलेल्या पाल्याला तेल-तीळ-लसूण हाताने लावणे, आपण कोशिंबीर कालवतो तसे पण जरा हलक्या बोटांनी. आणि 'पॉमुरिदा' म्हणजे किमचीचा तांबडा मसाला कोबीच्या पानापानाला माखणे. कालवणे, माखणे, चोळणे, कुस्करणे यांतला फरक ज्या भाषेला कळतो तिच्यात हे पान वाचता येते. ज्या शब्दांना आम्ही वर्गात कधी शिकवण्याजोगे मानले नव्हते ते आमच्याच घरातले शब्द असे एकेक करून बाहेर आले.

प्रत्येक ठिकाणी आमची सरशी झाली असे मात्र नाही. आपण बटाटेही उकडतो आणि मोदकही उकडतो. कोरियन गृहिणीला हे खपणार नाही. पाण्यात बुडवून उकडणे ते 'साम्ता', वाफेवर उकडणे ते 'च्चिदा', भाजी उकळत्या पाण्यात बुचकळून लगेच काढणे ते 'तेचिदा', आणि रस्सा उकळणे ते 'क्कुरिदा'. हाडे तासन्‌तास शिजवून त्यांचा अर्क उतरवायचा तर 'कोदा'. आणि काढा करायचा तर 'तारिदा', मग तो औषधी मुळ्यांचा असो की सोयाबीनच्या कान्जांगचा. सोलण्याचेही तसेच. सुरीने तासून साल काढायची ते वेगळे, अंडे किंवा लसूण बोटांनी सोलायचा ते वेगळे.

भात शिजवण्याला तर त्यांनी एक स्वतंत्र क्रियापद राखून ठेवले आहे, 'चित्ता'. भात शिजवायचा नसतो, तो रचायचा असतो. घर बांधणे, कपडे शिवणे, नाव ठेवणे, पाप करणे आणि कविता रचणे या सगळ्यांना तेच क्रियापद. आमच्यातल्या एकाने कवितेच्या प्रक्रियेवर पुष्कळ व्याख्याने दिली आहेत. त्यांत कुकरचा उल्लेख कधी आला नव्हता. भात झाल्यावर झाकण न काढता वाफ मुरू द्यायची, त्या अवस्थेला 'त्तुम' म्हणतात. सांगायचे ते लवकर न सांगता जो रेंगाळतो, तोही 'त्तुम' देत असतो.

शब्दांपेक्षाही आम्हांला धक्का दिला तो वाक्याच्या शेपटीने. कोरियन वाक्य आपल्यासारखेच क्रियापदावर संपते, 'चाकूने' मधला 'ने' नामाच्या मागेच लागतो, आणि मुख्य क्रियापदाला दुसरे क्रियापद जोडून अर्थाची छटा बदलता येते. एका संध्याकाळी 'बोदा' हे शेपूट कोशात शोधताना त्याचा मूळ अर्थ 'पाहणे' असा निघाला. म्हणजे 'मॉगॉ बोदा' हे शब्दशः 'खाऊन पाहणे'. इंग्रजीत 'ट्राय' म्हणून ज्याची बोळवण होते ते कोरियनात, मराठीसारखेच, डोळ्यांनी होते. खाऊन पहा, करून पहा, विचारून पहा. आणि मग आदरार्थी रूपे चाळताना अकस्मात ते वाक्य समोर आले. तुशॉ बोसेयो. घेऊन पहावे. चार वर्षांपूर्वी आन्दोंगच्या त्या पंगतीत विहीणबाई पदार्थाचे नाव सांगत नव्हत्या. आपण घरी आलेल्या व्याह्यांना जे म्हणतो तेच त्या आम्हांला, प्रत्येक वाटीमागे, आपल्याच व्याकरणात म्हणत होत्या. त्या संध्याकाळी पुढचा अभ्यास झाला नाही.

दुसरे शेपूट 'जुदा', म्हणजे 'देणे'. आजकालच्या कोरियन पाककृतींत त्याचा सुकाळ आहे : कांदा चिरून द्या, परतून द्या, पाणी ओतून द्या. ऐकताना वाटावे की हे सारे कांद्यावर उपकार म्हणून चालले आहे. आपल्या पाककृती काय म्हणतात? कांदा चिरून घ्या, परतून घ्या, मसाला वाटून घ्या. तेच काम; ते देतात, आपण घेतो. यावरून दोन समाजांच्या स्वभावाविषयी सिद्धान्त मांडण्याचा मोह आम्ही आवरला आहे. विहीणबाईंच्या वहीत मात्र देणे-घेणे काहीच नाही. त्यांची क्रियापदे उघडीच असतात. चिरते. परतते. पाणी घालते. त्या कुणाला सांगत नव्हत्याच. स्वतःशी टिपून ठेवत होत्या.

यातूनच पुढची अडचण उद्भवली. स्वतःसाठी लिहिणारा माणूस मापे लिहीत नाही. छापील कोरियन पुस्तकात मोठा चमचा १५ मिलिलिटर, कप २०० मिलिलिटर असा चोख हिशेब असतो. वहीत असे 'एक मूठ', 'एक चिमूट', आणि सर्वांत जास्त वेळा 'चॉक्तांघी', म्हणजे बेताने. मोजायचे एकक आले तर तेही बाजाराचे : मांस 'कुन'वर, म्हणजे ६०० ग्रॅम; भाजीचा 'कुन' ४०० ग्रॅमचा. कोबी 'पोगी'वर, पालेभाजी जुडीवर, लसणाचा गड्डा निराळा आणि पाकळी निराळी. 'एक हात बांगडे' हे वाचून आम्ही चक्रावलो. सुनेला विचारता कळले की बांगड्याचा 'हात' म्हणजे जोडी, मोठ्याच्या पोटाशी धाकटा खोचलेला. वाळवलेल्या 'कुल्बी' माशांची माळ वीसांची, आणि वीस म्हटल्यावर आम्हांला आपली कोडी आठवली. 'रुचिरा'ने १९७० साली वाटी आणि चमचा हे माप घरोघर पोचवले, त्याआधी आपल्या आज्याही 'बेताने'च लिहीत, किंवा मुळीच लिहीत नसत. हाताला चव असली म्हणजे झाले. या हाताच्या चवीलाही कोरियनमध्ये अगदी हाच शब्द आहे : 'सोन' म्हणजे हात, 'मात' म्हणजे चव, 'सोन्मात'.

या सगळ्यांत वारंवार येणारा आणि सर्वांत उशिरा समजलेला शब्द 'कान'. कानाशी त्याचा अर्थातच संबंध नाही. कान म्हणजे मीठ नव्हे, खारटपणाही नव्हे; पदार्थात मिठाचे जे असायला हवे ते प्रमाण, ते जुळणे म्हणजे कान. तो कमी असला की पदार्थ 'सिंगॉप्ता', अळणी. आणि पांचट विनोद करणारा माणूसही सिंगॉप्ता. जास्त झाला की 'च्चादा', खारट. आणि हात आखडून गुण देणारा परीक्षकही च्चादा. (आम्ही दोघे विद्यापीठात कोणत्या चवीचे म्हणून ओळखले जात होतो हे इथे सांगण्याचे कारण नाही.) आन्दोंग समुद्रापासून दूर, पूर्व किनाऱ्यावरचा बांगडा तिथवर यायचा तो मीठ भरून, आणि त्या गावाचा हा खारा बांगडा 'कान-गोदुंगॉ' याच नावाने देशभर प्रसिद्ध आहे. कोकणातला खारवलेला मासा घाट चढून देशावर येई, त्यातलाच हा प्रकार. वहीतल्या बहुतेक पाककृती एकाच वाक्यावर संपतात : कान पाहते. आपण चव पाहतो, त्या कान पाहतात. किती, ते कुठेही लिहिलेले नाही.

वाचताना कोशही काही ठिकाणी थकला. 'चॉंगुजी' नावाची भाजी कुठल्याच पाठ्यपुस्तकात सापडेना. ती म्हणजे 'पुचु', लसणीच्या वासाची पातळ पात, आणि चॉंगुजी हे तिचे ग्यॉंगसांगकडचे नाव निघाले. पुण्यातल्या तांबड्या भोपळ्याला कुठे डांगर, कुठे काशीफळ, कुठे कोहळे म्हणतात हे ज्याला माहीत आहे त्याने यात नवल मानू नये. भाषा प्रमाण होते ती शाळेत. भाजी बाजारातच राहते.

आन्दोंगचा विषय निघालाच आहे तर तिथल्याच शेजारच्या एका बाईंविषयी सांगायला हवे. चांग ग्ये-ह्यांग (१५९८-१६८०) यांचे बरेचसे आयुष्य याच मुलखात, यॉंगयांगला गेले. १६७०च्या सुमारास, म्हातारपणी, त्यांनी 'उमशिक तिमिबांग' नावाचे पाकपुस्तक लिहिले. विद्वान चिनी अक्षरांत लिहीत त्या काळात त्यांनी ते हंगुलमध्ये लिहिले. त्यात मिरची नाही. मिरची कोरियात तेव्हा नवखीच होती. १६१४ सालच्या 'जिबोंग युसॉल' या ग्रंथात तिला 'जपानी मोहरी' म्हटलेले आहे. तिचे पुढे रूढ झालेले 'कोचु' हे नाव मिऱ्याच्या 'हुचु'शी नाते सांगणारे, जशी आपली मिरची मिऱ्याशी सांगते; दोघांनीही त्या परकी पाहुणीला आपल्या जुन्या तिखटाचे आडनाव लावून घरात घेतले. आपल्याकडे रघुनाथ सूरींचे 'भोजनकुतूहल' त्याच शतकातले, पण ते संस्कृतात, आणि पुरुषाचे. चांगबाईंच्या पुस्तकाच्या शेवटी घरच्यांसाठी एक सूचना आहे : डोळ्यांना दिसत नसताना हे कसेबसे लिहिले आहे, मुलींनी हवे तर उतरवून न्यावे, मूळ पुस्तक मात्र नेऊ नये.

ही सूचना वाचली आणि आम्ही छायाचित्रांवरून वही उतरवून काढायला बसलो. हाताने, कोरियन अक्षरांत, एकसष्ट पाने. दोन महिने लागले. अक्षर शाळकरी पोराचे आले, पण उतरवताना जे दिसते ते वाचताना दिसत नाही. एकेचाळिसाव्या पानावर मुळ्याच्या चकत्यांबरोबर आटवलेल्या बांगड्याची कृती आहे. तिथे 'चोरिदा' हवे. कोरियनमध्ये एकाच उच्चाराची दोन लेखने आहेत : रस मुरवत शिजवण्याचे एक, आणि नुसते आटवण्याचे दुसरे. हे दुसरे मनालाही लागते. 'मन आटवणे' म्हणजे काळजीने झुरणे. विहीणबाईंनी त्या पानावर हे दुसरे लेखन केलेले आहे, आणि एकदा नव्हे, चारदा. सुनेला विचारले. ती म्हणाली, आई नेहमी असेच लिहायची. मी शाळेत असताना कितीदा तरी सांगितले होते. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुकांखाली तांबडी रेघ ओढण्यात आमची हयात गेली आहे. आम्ही चारही जागी तसेच उतरवले.

डिसेंबर २०२३मध्ये आम्ही देजॉनला पोचलो तेव्हा नात पाच दिवसांची होती आणि सून बाळंतिणींच्या विश्रामगृहात होती. तिथे अशी गृहे असतात. दोन आठवडे आई आणि बाळ तिथे राहतात. या शुश्रूषेला 'सान्हुजोरी' म्हणतात. यातला 'चोरी' हा भाग (आमचा पाठलाग हा शब्द काही सोडत नाही) चिनी मूळचा. बांगडा आटवण्याशी त्याचे नाते नाही, पण 'स्वयंपाक' या अर्थाचा जो शब्द तोच हा. रांधणे आणि दुखणाइताची काळजी घेणे यांना एकच शब्द, आणि त्याचा मूळ अर्थ नीट लावणे, सांभाळणे असा. विश्रामगृहात मियॉक्कुक रोज मिळत होते. सून म्हणे ते चांगले असते. एवढेच म्हणे.

ती घरी येण्याच्या आदल्या दिवशी आम्ही सराव केला. बाविसाव्या पानाचे पहिलेच वाक्य पूर्वी मोबाइलच्या भाषांतरयंत्राला दाखवले होते तेव्हा त्याने 'मियॉक थंड पाण्यात बोलावले जाते' असा अर्थ दिला होता. 'पुल्लिदा' या क्रियापदाचे दोन अर्थ. एक हाक मारली जाणे, दुसरा भिजवून फुगवणे. त्यातला भिजवण्याचा आम्हांला आता माहीत होता. फुगवण्याचा नव्हता. पुडके छोटे दिसले म्हणून सगळेच्या सगळे पातेल्यात घातले आणि बाजारात जाऊन आलो. मियॉक भिजल्यावर दहापट होते. पातेले भरून ते ओट्यावर, ओट्यावरून खाली उतरत होते. बोलावले होते, आणि आले होते. मुलाने तीन दिवस न कुरकुरता त्याची कोशिंबीर खाल्ली.

दुसरी गोष्ट हसण्यावारी नेण्याजोगी नव्हती. तेविसाव्या पानावर 'यांग्जी, अर्धा कुन' असे लिहिले आहे. यांग्जी म्हणजे गाईच्या छातीकडचे मांस. हा शब्द आम्ही पुण्यातच शोधला होता आणि तिसऱ्या रकान्यात त्यापुढे काही लिहिले नव्हते. आमच्यापैकी कुणीही ते खात नाही, आमच्या घरात ते कधी शिजलेले नाही. सुनेने आपण होऊन सांगितले होते, शिंपले घाला, पुष्कळ लोक घालतात. तिने सांगितले ते खरे होते. वहीत मात्र शिंपले नव्हते, आणि तिची आई वहीत होती. यावर आम्ही दोघे एक रात्र बोललो. काय बोललो ते आमच्यापुरते राहू दे. या परिच्छेदावर आमच्या नात्यागोत्यात काय बोलले जाईल तेही आम्हांला ठाऊक आहे. सकाळी मुलाने मांस आणले, त्यानेच चिरून दिले.

मग आम्ही वहीप्रमाणे केले. तिळाच्या तेलात मांस परतले. पिळलेले मियॉक घालून पुन्हा परतले. पाण्याच्या जागी विहीणबाईंनी 'स्सालतुमुल' लिहिले आहे, आणि त्याला तिसऱ्या रकान्यात शब्द शोधावा लागला नव्हता : तांदळाचे धुवण. लसूण ठेचून. रस्सा आधी 'पोगुल-पोगुल', म्हणजे रटरट, मग आच कमी करून बराच वेळ. खिडकीबाहेर बर्फ पडत होते आणि घरभर समुद्राचा वास सुटला होता. शेवटी सोयाबीनचे रश्श्यासाठीचे कान्जांग, बेताने. आणि शेवटचे वाक्य : कान पाहते.

इथे आम्ही थांबलो. आमच्यातल्या कुणालाही तो पाहता येत नव्हता. चव न घेता मीठ घालण्याचा सराव आपल्या घरांतून बायकांना असतो, नैवेद्याच्या दिवशी असतोच. पण तो अंदाज आयुष्यभर हाताखालून गेलेल्या आमटी-भाजीचा. या रश्श्याचा अंदाज आमच्या हाताला कुठून असणार? मुलगा म्हणाला, मी पाहतो. नको म्हटले. त्याने सासूच्या हातचे ते तीनदाच खाल्ले होते.

सून उशीला टेकून बसली होती, बाळ नुकते निजले होते. वाडगा तिच्यापुढे ठेवला आणि आमच्यापैकी एकीच्या तोंडून, पाठ झालेले वाक्य, निघून गेले : तुशॉ बोसेयो. सुनेने चमकून वर पाहिले आणि तिला हसू आवरेना. सुनेला असे म्हणायचे नसते, ती म्हणाली. हे वडीलधाऱ्यांना, पाहुण्यांना. सुनेला नुसते 'मॉगॉ ब्वा'. खाऊन बघ. आम्ही सुधारून पुन्हा म्हटले.

तिने चमचाभर घेतले. बराच वेळ काही बोलली नाही. त्तुम चालले होते म्हणा ना. मग म्हणाली, सिंगॉवॉयो.

आम्ही कान्जांगची बाटली आणली. अर्धा चमचा घातला, ढवळले. तिने पुन्हा पाहिले, आणि वाडगा थोडा पुढे केला. अजून अर्धा.